वापरकर्त्याच्या पसंतींचे व्यवस्थापन (सी प्रोग्रामिंग)

'''वापरकर्त्याच्या पसंती''' म्हणजे एखाद्या प्रोग्रामने कसे वागावे याविषयी वापरणाऱ्याने केलेल्या आणि प्रोग्राम बंद केल्यानंतरही टिकून राहणाऱ्या निवडी होत. व्यवहारात त्यांना 'सेटिंग' म्हणतात. मजकूर कोणत्या भाषेत दिसावा, अंक देवनागरी असावेत की इंग्रजी वळणाचे, घड्याळ बारा तासांचे असावे की चोवीस, इशारा किती आधी मिळावा, अशा बाबी त्यांत येतात. सी भाषेत या निवडी वाचणे, तपासणे, वापरणे आणि पुन्हा साठवणे या कामासाठी कोणतीही तयार सोय नाही. प्रमाण ग्रंथालयातील साधी फलने एकत्र गुंफून ते काम प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावे लागते. निवडी मराठीत, देवनागरी लिपीत लिहिल्या जातात तेव्हा या गुंफणीतील काही उसवलेले टाके प्रथमच उघड होतात.

== पार्श्वभूमी ==

सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत घडवली. तिचे पहिले अधिकृत प्रमाणीकरण १९८९ साली झाले. भाषा मुद्दाम लहान ठेवलेली असल्याने तिच्यात शब्दकोशासारखी नाव-मूल्य रचना नाही आणि सेटिंगची फाइल वाचणारे फलनही नाही. युनिक्सच्या जगात या उणिवेवर एक साधी रूढी तयार झाली: प्रत्येक प्रोग्रामने वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एक साधी मजकूर-फाइल ठेवावी. टिंबाने सुरू होणारी नावे एरवीच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून पसारा झाकला जातो. अशा अनेक फाइलींच्या नावाअखेरीस 'आरसी' ही अक्षरे असतात. ती 'रनकॉम' या शब्दापासून आली असून तो शब्द १९६० च्या दशकातील सीटीएसएस या प्रणालीतला आहे. पुढे टिंब-फाइलींची गर्दी झाल्यावर त्या सर्वांना 'कॉन्फिग' नावाच्या एकाच लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा संकेत लिनक्सवर रूढ झाला. विंडोजवर हेच काम आधी 'आयएनआय' फाइली आणि पुढे 'रजिस्ट्री' यांनी केले.

== एक नमुना ==

पुढील विवेचनासाठी एक लहानसा काल्पनिक प्रोग्राम घेऊ. नवी मुंबईतील नेरुळ उपनगरात सारसोळे हे खाडीकाठचे जुने कोळी-आगरी गाव आहे. तेथील जेट्टीसाठी भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणे आणि भरतीपूर्वी ठरावीक मिनिटे इशारा देणे एवढेच या प्रोग्रामचे काम आहे. त्याची सेटिंगची फाइल अशी असेल:

 # भरती-ओहोटी : माझी सेटिंग
 ठिकाण = सारसोळे
 एकक = मीटर
 अंक = देवनागरी
 घड्याळ = २४
 पूर्वसूचना = ४५

डावीकडील शब्दास 'किल्ली' आणि उजवीकडील शब्दास 'मूल्य' म्हणतात. पौंड-चिन्हाने सुरू होणारी ओळ ही टीप असून ती प्रोग्रामने वगळायची असते. ही फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडून हाताने बदलता येते. सुटसुटीतपणा हा तिचा मोठा गुण आहे, पण हाताने लिहिलेल्या मजकुरात माणूस काय लिहील याचा नेम नसतो.

== मूल्यांचा अग्रक्रम ==

एकाच किल्लीचे मूल्य अनेक ठिकाणांहून येऊ शकते. म्हणून त्यांचा क्रम आधी ठरवावा लागतो. सर्वांत खाली प्रोग्राममध्येच लिहिलेले मूळ मूल्य असते. वाक्यात अध्याहृत कर्ता असावा तसे ते काम करते: कोणी काही सांगितले नाही तरी अर्थ पूर्ण होतो. त्याच्यावर संपूर्ण संगणकासाठी असलेली सामाईक फाइल, तिच्यावर वापरकर्त्याची स्वतःची फाइल, तिच्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होतानाच ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हाती देते त्या नाव-मूल्य जोड्या) आणि सर्वांत वर आज्ञा देताना त्याच ओळीत लिहिलेले पर्याय. जी निवड अधिक ताजी आणि अधिक वैयक्तिक, ती वरची.

सीमध्ये हा क्रम राखण्याची सोपी रीत अशी. सर्व पसंती एका 'स्ट्रक्ट'मध्ये, म्हणजे अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या रचनेत ठेवतात. प्रथम ती मूळ मूल्यांनी भरतात आणि नंतर खालून वर एकेक स्रोत वाचत, जे सापडेल तेवढेच बदलत जातात. 'मेन' या फलनास आज्ञेच्या ओळीतील शब्द 'आर्गव्ही'मधून मिळतात. एन्व्हायर्नमेंटमधील मूल्य 'गेटएन्व्ह' या फलनाने मिळते. 'गेटएन्व्ह'ने दिलेली अक्षरमाला प्रोग्रामच्या मालकीची नसते. तिच्यात बदल करता येत नाही आणि पुढच्या हाकेनंतर ती तशीच राहील याची हमीही नसते, म्हणून तिची प्रत करून घेतात.

पसंतींची रचना जागतिक चल म्हणून ठेवावी की प्रत्येक फलनास पत्त्याद्वारे द्यावी, याविषयी मतभेद आहेत. लहान प्रोग्रामात पहिली रीत चालून जाते. तरीही दुसरी रीत श्रेयस्कर, कारण तीत कोणते फलन कोणत्या पसंतीवर अवलंबून आहे हे वाचतानाच कळते.

== फाइल वाचणे ==

ओळ वाचण्यासाठी 'एफगेट्स' वापरतात. ती ओळीच्या शेवटचे नवओळ-चिन्हही सोबत आणते, ते काढावे लागते. फाइल विंडोजवर लिहिलेली असेल तर त्याआधी आणखी एक अदृश्य चिन्ह, 'कॅरेज रिटर्न', शिल्लक राहते. मग डोळ्यांना 'मीटर' दिसणारा शब्द तुलनेत 'मीटर' ठरत नाही. विंडोजवरील नोटपॅडची आणखी एक खोड प्रसिद्ध आहे. यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी त्याच्या जुन्या आवृत्त्या तीन बाइटांची अदृश्य खूण ठेवत असत. परिणामी फाइलीतील पहिलीच किल्ली ओळखू येत नाही आणि बाकीच्या सुरळीत चालतात. दोष शोधणाऱ्याला चकवणारा हा प्रकार आहे.

बरोबर-चिन्ह शोधण्यासाठी 'स्ट्रचर' हे फलन पुरेसे होते. देवनागरी मजकुरातही ते निर्धोक चालते याचे श्रेय यूटीएफ-८ या संकेतनास आहे. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली योजलेल्या या पद्धतीत इंग्रजी चिन्हांच्या बाइटांची किंमत १२८ हून कमी, तर इतर लिपींतील अक्षरांच्या प्रत्येक बाइटाची किंमत १२८ वा अधिक असते. त्यामुळे देवनागरी अक्षराच्या पोटात चुकूनही बरोबर-चिन्ह सापडत नाही. कित्येक दशकांपूर्वीचे, देवनागरीचा गंधही नसलेले सी फलन म्हणूनच मराठी किल्ल्या बिनचूक वेगळ्या करते.

किल्लीच्या आजूबाजूची मोकळी जागा काढताना मात्र हीच गोष्ट उलटते. अनेक संगणकांवर 'चार' हा प्रकार धन-ऋण दोन्ही संख्या धरणारा असतो. १२८ च्या वरचा बाइट त्यात ऋण दिसतो. मोकळी जागा ओळखणारे 'इझस्पेस' हे फलन ऋण संख्येसाठी बनवलेलेच नाही. तसे मूल्य दिल्यास काय होईल हे प्रमाण सांगत नाही. इंग्रजी फाइलींवर वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्राम पहिल्या मराठी फाइलीवर कोसळतो, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. उपाय एका शब्दाचा आहे: बाइट 'अनसाइन्ड चार' करूनच फलनास द्यावा.

== लांबी : अक्षरे आणि बाइट ==

'सारसोळे' या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या दृष्टीने ती सात चिन्हे आहेत: स, काना, र, स, ओकार, ळ आणि एक मात्रा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. म्हणजे हे नाव २१ बाइटांचे झाले आणि अक्षरमालेचा शेवट दाखवणारा शून्य-बाइट धरून २२. ठिकाणाच्या नावासाठी १६ बाइटांचा ॲरे ठेवला, तर त्यात नेमके 'सारसो' एवढेच मावते. २० बाइट ठेवले तर 'सारसोळ' आणि अंत्य मात्रेचा एक तुटका बाइट उरतो. तो पडद्यावर चौकोन वा प्रश्नचिन्ह म्हणून उमटतो.

न मावणारा मजकूर आंधळेपणाने उतरवणारे 'स्ट्रसीपीवाय' येथे धोक्याचे आहे, कारण ते शेजारच्या पसंतींवर लिहून जाते. 'स्ट्रएनसीपीवाय' मर्यादा पाळते, परंतु मजकूर मर्यादेएवढा असल्यास शेवटचा शून्य-बाइट लिहीत नाही. 'एसएनप्रिंटएफ' अधिक भरवशाचे आहे. ते नेहमी शेवट करते आणि एकूण किती बाइट लागले असते हा आकडाही परत देते. तो आकडा ॲरेच्या आकाराइतका किंवा त्याहून मोठा आला तर मजकूर तुटला असे समजून मूल्य नाकारावे. अर्धवट गावाचे नाव साठवण्यापेक्षा ते बरे.

== देवनागरी अंकांचा प्रश्न ==

वरील नमुन्यातील शेवटची ओळ 'पूर्वसूचना = ४५' अशी आहे. मराठीत लिहिणारा माणूस पंचेचाळीस असेच लिहील. पण मजकुरातून संख्या काढण्यासाठी सीच्या पाठ्यपुस्तकांत सर्रास दिले जाणारे 'एटूआय' हे फलन इंग्रजी वळणाचेच अंक ओळखते. देवनागरी ४ दिसताच ते थांबते आणि शून्य परत देते. चूक झाली असे ते कोणत्याही मार्गाने सांगत नाही. त्याच्या लेखी '०' लिहिणे, '४५' लिहिणे आणि 'पाऊण तास' लिहिणे यांत काही फरक नाही.

शून्य मिनिटे आधी इशारा, म्हणजे इशाराच नाही. होडी जेट्टीला बांधून गेलेल्या माणसाने सेटिंग केलेले असते, फाइलीत ते दिसतही असते, आणि पाणी चढते तेव्हा प्रोग्राम गप्प असतो. हा दोष किरकोळ नव्हे. वापरकर्त्याची निवड नाकारली गेली तर त्याला ते कळते आणि तो दुसरा मार्ग शोधतो. येथे ती न सांगता बदलली जाते.

'एटूआय'ऐवजी 'स्ट्रटोल' वापरणे हा उपायाचा पहिला भाग. वाचन कोठे थांबले तो पत्ता हे फलन सांगते. तो आरंभीच्याच पत्त्याइतका असेल तर एकही अंक सापडला नाही. पुढे मजकूर उरला असेल तर काहीतरी अनपेक्षित आहे. आणि संख्या फार मोठी असेल तर 'एरनो' या चलात तशी खूण येते. दुसरा भाग म्हणजे देवनागरी अंक आधी बदलून घेणे. युनिकोडमध्ये ० ते ९ हे अंक सलग मांडलेले आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे पहिले दोन बाइट समान असतात (दशमान पद्धतीत २२४ आणि १६५) आणि तिसरा बाइट १६६ पासून १७५ पर्यंत जातो. म्हणून तिसऱ्या बाइटातून १६६ वजा केले की अंकाची किंमत हाती येते. आठ-दहा ओळींचे फलन हे काम करते आणि त्यानंतर '४५' व त्याचे इंग्रजी रूप दोन्ही सारखेच चालतात.

'स्ट्रटोल'ला संख्येचा पाया सांगावा लागतो. तेथे शून्य दिले तर ते फलन पाया स्वतः ठरवते आणि शून्याने सुरू होणारी संख्या आठच्या पायावर वाचते. वेळेच्या रकान्यात ०८ वा ०९ लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे. आठच्या पायावर आठ आणि नऊ हे अंकच नसल्याने त्यांचे शून्य होते, तर ०१० चे आठ होतात. सेटिंगसाठी पाया नेहमी दहा असाच स्पष्ट लिहावा.

त्यानंतर मर्यादा तपासायची. पूर्वसूचना ऋण असू शकत नाही, घड्याळ १२ किंवा २४ च असू शकते. एककाचेही तसेच. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. तोच ४.५ हा आकडा फूट समजून वाचला तर पाणी दीड मीटरहूनही कमी वाटेल. म्हणून 'एकक' या किल्लीचे मूल्य ओळखू आले नाही तर प्रोग्रामने मूळ मूल्य घेण्यास हरकत नाही, पण ओळीचा क्रमांक देऊन तसे सांगितले पाहिजे आणि आकड्यापुढे एकक छापले पाहिजे.

== एकच शब्द, दोन लेखने ==

'स्ट्रकम्प' हे फलन दोन अक्षरमाला बाइटागणिक ताडून पाहते. मराठीत डोळ्यांना एकसारखे दिसणारे शब्द बाइटांच्या पातळीवर वेगळे असू शकतात. 'ॲ' या अक्षरासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन ते लिहीत आणि काही कळफलक आजही तसेच लिहितात. प्रोग्रामने 'ॲलर्ट' अशी किल्ली एका रीतीने ठेवली आणि वापरकर्त्याने ती दुसऱ्या रीतीने टंकली, तर तुलना फसते. 'दुसऱ्या'मधील अर्ध्या र चेही असेच आहे. ते 'ऱ' आणि हलन्त यांनी लिहिता येते, तसेच 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनीही. युनिकोडची सामान्यीकरणाची प्रक्रिया या जोड्या एक करत नाही. म्हणून स्वीकारार्ह लेखनांची यादी प्रोग्राममध्येच ठेवावी लागते.

त्याच यादीत ऱ्हस्व-दीर्घाचेही भान ठेवावे. 'फूट' आणि 'फुट', 'मीटर' आणि 'मिटर' ही दोन्ही रूपे लोक लिहितात. शुद्धलेखनाचा आग्रह वर्गात योग्यच आहे, परंतु भरतीची वेळ विचारणाऱ्याची वही तांबड्या शाईने तपासण्याचे प्रोग्रामला कारण नाही. दोन्ही रूपे वाचावीत आणि साठवताना प्रमाण रूप लिहावे.

== लोकेल : प्रणालीकडे आधीच असलेल्या पसंती ==

भाषा, दिनांक, अंकांचे गट अशा निवडी प्रत्येक प्रोग्रामला वेगळ्या सांगाव्या लागू नयेत म्हणून १९८९ च्या प्रमाणात 'लोकेल' ही सोय आली. भारतातील मराठीसाठी लोकेलचे नाव भाषेचा संकेत 'एमआर' आणि देशाचा संकेत 'आयएन' यांच्यामध्ये अधोरेषा घालून बनते. सीचा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा मात्र तो 'सी' नावाच्या कोऱ्या लोकेलमध्येच असतो. 'सेटलोकेल' या फलनास रिकामी अक्षरमाला दिली की मगच तो वापरकर्त्याची निवड विचारात घेतो. ही एक ओळ विसरल्यामुळे सर्व भाषांतरे तयार असूनही प्रोग्राम इंग्रजीतच बोलत राहतो.

निवड शोधताना 'एलसी-ऑल' हे व्हेरिएबल प्रथम, मग त्या-त्या विभागाचे आणि शेवटी 'लँग' असा क्रम लागतो. विभाग वेगळे असल्यामुळे संदेश मराठीत पण दिनांक इंग्रजी पद्धतीने अशी सरमिसळही करता येते. भाषांतरासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्नू गेटटेक्स्टमध्ये 'लँग्वेज' या व्हेरिएबलात भाषांची उतरंडच देता येते. मराठी भाषांतर नसेल तर हिंदी, तेही नसेल तर इंग्रजी, असे त्यात सांगता येते.

'लोकेलकन्व्ह' या फलनाने अंकांच्या गटांची माहिती मिळते. गटांचे आकार उजवीकडून डावीकडे दिलेले असतात आणि शेवटचा आकार पुढे पुन्हा पुन्हा लागू होतो. आपल्या लाख-कोटींच्या पद्धतीसाठी तो क्रम ३, २ असा लिहितात. त्यातून १२,३४,५६७ ही मांडणी आपोआप मिळते.

लोकेलची क्रमवारीशीही गाठ आहे. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हे अक्षर 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी बसवलेले आहे, तर मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. 'स्ट्रकम्प'ने लावलेल्या यादीत म्हणून 'गळ' आधी आणि 'गवत' नंतर येते. मराठी कोश चाळणाऱ्याला हे उलटे वाटेल. यासाठी लोकेलचे नियम पाहणारे 'स्ट्रकोल' वापरायचे असते. निकाल अर्थातच त्या संगणकावरील लोकेलच्या व्याख्येत मराठीचे नियम कितपत नीट लिहिले आहेत यावर ठरतो.

लोकेलचा एक उलटा परिणाम सेटिंगच्या फाइलीवर होतो. अपूर्णांक वाचणारे 'स्ट्रटोडी' हे फलन दशांशचिन्ह लोकेलप्रमाणे ठरवते. मराठी लोकेलमध्ये ते टिंबच असल्याने काही बिघडत नाही. तोच प्रोग्राम जर्मनीतील एखाद्या मराठी कुटुंबाच्या जर्मन लोकेल असलेल्या संगणकावर चालवला तर तेथे दशांशचिन्ह स्वल्पविराम असते, आणि फाइलीतील ४.५ चे नुसते ४ होतात. पडद्यावर दाखवायचे आकडे लोकेलप्रमाणे आणि फाइलीत साठवायचे आकडे मात्र कायम एकाच ठरलेल्या रूपात, हा नियम म्हणूनच पाळतात.

== साठवणे ==

बदललेल्या पसंती लिहिण्यासाठी जुनीच फाइल लेखनासाठी उघडली, तर उघडताक्षणीच तिच्यातील मजकूर पुसला जातो. त्या क्षणी वीज गेली तर नवे लिहिलेले नाही आणि जुने उरलेले नाही, अशी गत होते. सुरक्षित रीत अशी: त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाची फाइल लिहावी, 'एफफ्लश' आणि 'एफसिंक' यांनी ती खरोखर डिस्कवर पोचवावी, 'एफक्लोज'चे उत्तरही तपासावे आणि सर्व ठीक असेल तरच 'रिनेम'ने तिला मूळ नाव द्यावे. पॉसिक्स प्रमाण पाळणाऱ्या प्रणालींवर हे नामांतर अखंड असते. वाचणाऱ्याला एक तर संपूर्ण जुनी फाइल दिसते किंवा संपूर्ण नवी. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर 'रिनेम' अपयशी ठरते, तेथे प्रणालीचे वेगळे फलन वापरावे लागते.

वापरकर्त्याने फाइलीत लिहिलेल्या टिपा आणि प्रोग्रामला न समजलेल्या किल्ल्या साठवताना पुसू नयेत. न समजलेली किल्ली कदाचित प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीची असते आणि तो वापरकर्ता दोन संगणकांवर दोन आवृत्त्या चालवत असतो. पासवर्डसारख्या बाबी या फाइलीत ठेवूच नयेत.

== तयार ग्रंथालये ==

हे सर्व दरवेळी नव्याने लिहिण्याऐवजी तयार ग्रंथालये वापरता येतात. जीलिबमधील 'जीकीफाइल', 'लिबकॉन्फिग' आणि लहान प्रोग्रामांसाठी 'आयएनआयएच' ही त्यांपैकी परिचित नावे. पसंती शेकड्यांनी असतील तर काही प्रोग्राम सीमध्येच लिहिलेला एसक्यूलाइट हा लहान डेटाबेस वापरतात. 'जीकीफाइल'चे एक वैशिष्ट्य मराठीच्या दृष्टीने उपयोगी आहे. एकाच किल्लीपुढे चौकटी कंसात भाषेचा संकेत देऊन तिची भाषानिहाय मूल्ये त्यात ठेवता येतात. लिनक्सवरील मेनूत प्रोग्रामांची नावे मराठीत दिसतात ती याच प्रकारच्या ओळींमुळे. देवनागरी अंकांतील संख्या किंवा 'ॲ'ची दोन लेखने यांची दखल मात्र ही ग्रंथालये घेत नाहीत. तेवढा भाग मराठी वापरकर्त्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच जोडायचा असतो.